तुला काय पाहिजे, अक्का?

अक्का, परवा विद्यापीठात तुझी शोकसभा झाली. बरीच माणसं आली होती. बोलणाऱ्यांतल्या तिघांनी सांगितलं की डॉक्टर नीलांबिका मॅडमनी आयुष्यभर आनंदाचा अभ्यास केला. मी पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसलो होतो. उठावं आणि सांगावं असं वाटत होतं की हा शब्द तिच्यासमोर काढला की ती चिडायची. तू असतीस तर मागच्या खुर्चीवरून मोठ्यानं म्हणाली असतीस, आनंद कुणी बघितलाय, मी उंदरांच्या जिभा बघितल्या. लोक हसले असते. शेवटी मलाही बोलायला सांगितलं. मी बसू, राजारामपुरीतला औषधदुकानदार, तुझा धाकटा भाऊ. आभार मानले आणि खाली बसलो. मला जे बोलायचं आहे ते त्या लोकांशी नाहीच. म्हणून कालपासून दुपारी काउंटरवर बसून हे थोडं थोडं लिहितोय.

तू बंगळूरची नोकरी सोडून परत आलीस तेव्हा आपली आई, अव्वा, होती. इतकं शिकून पोरगी कोल्हापुरात उंदीर पाळायला आली, हे तिला शेजारणींना कसं सांगावं कळायचं नाही. विद्यापीठातल्या तुझ्या विभागाच्या मागं मोडक्या खुर्च्या ठेवायच्या दोन खोल्या होत्या, त्या तुला दिल्या. खुर्च्या आपण दोघांनीच बाहेर काढल्या. मग तू उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात जाऊन पत्रा कापून घेतलास, सायकलच्या ब्रेकचा दांडा घेतलास आणि माझ्या स्कूटरवर मागं बसून तो पत्रा पोटाशी धरून आणलास. त्याची पेटी झाली. उंदरानं दांडा दाबला की साखरपाण्याचा एक थेंब पडायचा. परदेशातून असली पेटी मागवायला तीन वर्षं लागली असती, तू ती पंधरा दिवसांत कानशीनं घासून उभी केलीस. तुझ्या हातांना तेव्हा कायम लोखंडाचा वास यायचा. अव्वा म्हणायची, हिला प्रोफेसर कोण म्हणेल.

तुझं काम मला पहिल्यांदा कळलं ते माझ्या तंबाखूमुळं. दुपारची गिऱ्हाईक नसलेली वेळ होती. मी काउंटरमागं तंबाखू मळत होतो आणि तू समोर स्टुलावर बसून बघत होतीस. तुला आवडते का रे तंबाखू, असं विचारलंस. आवडते म्हणूनच खातो की, मी म्हणालो. मग शेवटची कधी आवडली होती ते सांग, म्हणालीस. मी आठवत राहिलो. कॉलेजात पहिल्यांदा खाल्ली आणि डोकं गरगरलं तेव्हा मजा आली होती. त्यानंतरची वीस वर्षं नुसता हात खिशाकडं जात होता. मी तसं कबूल केलं, तशी तू खूश झालीस, जणू मी परीक्षेत पास झालो.

आवडणं वेगळं आणि पाहिजे असणं वेगळं, मेंदूत दोन्हींच्या जागा वेगळ्या, असं तू सांगितलंस. आपल्याला वाटतं की आवडतं म्हणून पाहिजे असतं, पण ते दोघं वेगवेगळे चालू शकतात. आणि पुढं म्हणालीस की हे अव्वाला आधीपासून ठाऊक आहे. ती जेवायला वाढताना कधीच आवडलं का म्हणून विचारत नाही. आपल्या घरच्या कानडीत ती दोनच गोष्टी विचारते. बेक का? म्हणजे पाहिजे का. साक का? म्हणजे पुरे का. मी विचारलं, "मग हे साक कुठनं येतं? पुरे वाटायची जागा कुठंय मेंदूत?" तू स्टुलावरून उठलीस, चप्पल घातलीस आणि म्हणालीस की ते अजून कळलेलं नाही. पुढं दहा वर्षं मी हाच प्रश्न विचारून तुला छळलं. तू दर वेळी थोडं वेगळं उत्तर दिलंस आणि एकही तुला स्वतःला पटलं नाही.

पण आपलं खरं भांडण झालं ते वेगळ्या कारणावरून. प्रयोगासाठी काही उंदरांच्या मेंदूतलं डोपामीन, म्हणजे 'पाहिजे' असं वाटायला लावणारं रसायन, तू घालवलं होतंस. मी त्या दिवशी डबा घेऊन आलो होतो. पिंजऱ्यात उंदीर बसून होते आणि त्यांच्या नाकापासून चार बोटांवर खाणं पडलं होतं. भूक लागलेली असून ते तिथपर्यंत जात नव्हते. दत्तोबा, तुझा लॅबमधला शिपाई, ड्रॉपरनं एकेकाच्या तोंडात दूध घालत होता. थेंब जिभेवर पडला की उंदीर ओठ चाटायचा, पुढचे पंजेसुद्धा चाटायचा. गोडी तशीच शाबूत होती. दत्तोबा मला म्हणाला, "बघा पावणं, ग्वाड लागतंय त्यास्नी. पर मागत न्हाईत." मला ते बघवेना. मी तुला तोंडावर म्हणालो की हे पाप आहे. तू चिडली नाहीस. वहीत लिहिता लिहिता म्हणालीस की या खोलीत हा विचार माझ्या मनात रोज येतो, पण तुला येऊन सांगायला मात्र आज वेळ मिळाला. त्यानंतर मी महिनाभर लॅबकडं फिरकलो नाही. अक्का, तू त्या उंदरांना खाऊ घालायला दत्तोबाला दिवसातून सहा वेळा लावायचीस, सुट्टीच्या दिवशी स्वतः जायचीस, हे मला त्यानंच नंतर सांगितलं. मी त्याबद्दल तुला कधी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

अव्वा गेली त्याला दोन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. तू औषधांच्या चिठ्ठ्या लिहून पाठवायचीस त्यांतलं तुझं अक्षर बारीक होत चाललं. मी घरी बायकोला, सुनंदाला, म्हणालो की अक्काला चष्मा बदलायला सांगितलं पाहिजे. आणि मग एका सकाळी तू दुकानात आलीस, उजवा हात काउंटरवर ठेवलास आणि म्हणालीस, बसू, बघ. हात निवांत पडला होता आणि अंगठा आपला आपण हलत होता, गोळी वळल्यासारखा. डॉक्टरकडं जायच्या आधीच तुला ठाऊक होतं. डोपामीन तयार करणाऱ्या ज्या पेशींवर वीस वर्षं काम केलं त्याच मरायला लागल्यात, असं तू सांगितलंस, त्याच आवाजात, ज्या आवाजात विद्यार्थ्यांना शिकवायचीस. मी गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होतो. सुटे पैसेही नीट देता आले नाहीत मला.

कंपवाताच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. एक हातपाय हलते ठेवणारी. दुसरी मेंदूत डोपामीनची नक्कल करणारी. तीन वर्षं तू उत्तम होतीस. मुदतीच्या आधी निवृत्त झालीस, आमच्याकडं माडीवरच्या खोलीत राहायला आलीस, सुनंदाबरोबर मंडईत जायचीस आणि भाजीवाल्याशी दरावरून भांडायचीस. सुनंदा म्हणायची, वन्सं आल्यापासून घरात आवाज आहे.

मग टेबलफॅन उघडलास. नीट वारा देत नाही म्हणालीस. सगळे भाग वर्तमानपत्रावर काढून ठेवले होतेस, स्क्रू लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. मला कौतुक वाटलं. फॅन परत जोडला गेला नाही. त्यानंतर मिक्सर, मग जुना रेडिओ, मग अव्वाचं शिलाई मशीन. सकाळी नाष्टा झाला की तू बसायचीस आणि दुपारी तीनपर्यंत मान वर नाही. सुनंदा चार वेळा जेवायला बोलवायला यायची. एकदा तिनं ताट तुझ्याशेजारी ठेवलं, तर तू ते सरकवून त्या जागी कागद पसरलास. स्क्रू एका डबीतून दुसऱ्या डबीत. परत पहिल्या डबीत. बोटांना फोड आले होते.

मी वर आलो आणि तुझ्यासमोर फरशीवर बसलो. मला वाटलं होतं तू चिडशील. तू माझ्याकडं बघितलंस तेव्हा तुझे डोळे घाबरलेले होते आणि हात मात्र चालूच होते.

"बसू, मला यात काही मजा येत न्हाई रे," तू म्हणालीस. "जराही न्हाई. पण थांबता येईना."

"त्या दुसऱ्या गोळीमुळं?"

"गोळीमुळंच. मी यावर तासतासभर शिकवलंय पोरांना."

मग कमी करू या, मी म्हणालो. करू की, पुढच्या आठवड्यापासून, तू म्हणालीस. ते मी ओळखलं. मी स्वतः तंबाखू असाच सोडत आलो होतो, कायम पुढच्या सोमवारपासून. जगात ही गोष्ट तुझ्याइतकी कळणारी माणसं किती असतील मला माहीत नाही. पण कळण्यानं तुझा हात थांबत नव्हता, हे मी डोळ्यांनी बघत होतो.

ती गोळी थांबली ती पेटीमुळं. तुझी एक जुनी विद्यार्थिनी चंदगडच्या कॉलेजात शिकवत होती. तिला तू तुझी ती पहिली पेटी द्यायचं कबूल केलं होतंस. रविवारी सकाळी ती एसटीनं आली, येताना काजू घेऊन आली. आपण तिघं माडीवर गेलो. पेटी कागदांवर पडली होती, सुट्या पत्र्यांच्या रूपात. ब्रेकच्या दांड्याची स्प्रिंग ताणून सरळ झाली होती. तू ते कधी केलंस हे तुलाही आठवत नव्हतं, निदान तुझ्या चेहऱ्यावरून तसं वाटलं. ती बिचारी म्हणाली, मॅडम, असू दे, मी नवी करून घेईन. तू तिला चहा दिलास, तिच्या घरच्यांची चौकशी केलीस, जिन्यापर्यंत पोचवलंस. परत आलीस आणि दार लावून घेतलंस.

"दुसरी गोळी बंद कर," तू म्हणालीस. "डॉक्टरना विचार आणि बंद कर. मी मागीन. मी तुला कारणं सांगीन, शिव्या देईन. ऐकू नको. तेव्हा मी बोलत नसणार."

"आणि तू खरंच बोलत असलीस तर? मला कसं कळणार?"

तू एक सुटा पत्रा उचलून परत कागदावर ठेवलास. "तुला न्हाई कळायचं," म्हणालीस. "मलाबी न्हाई."

डॉक्टरांनी हळूहळू उतरवत दीड महिन्यात ती गोळी थांबवली. तू दोनदा मागितलीस. दुसऱ्यांदा मला कानडीत अशा शिव्या दिल्यास की सुनंदानं खिडकी लावून घेतली. मी दिली नाही. मग तू मागायची थांबलीस. स्क्रूंच्या डब्या उचलून मी माळ्यावर ठेवल्या, तू नुसतं बघितलंस. अक्का, मला तेव्हा वाटलं की आपण सुटलो. सुनंदानं त्या दिवशी पुरणपोळी केली.

तू अर्धी खाल्लीस. आणि त्यानंतरच्या आठ महिन्यांत तू आपण होऊन काहीही मागितलं नाहीस.

हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. तू दुःखी नव्हतीस. रडत नव्हतीस. विचारलं की उत्तर द्यायचीस, बरोबर उत्तर द्यायचीस. खिडकीपाशी बसवलं की बसायचीस, उठवलं की उठायचीस. समोर चहा ठेवला तर गार व्हायचा. कप हातात दिला तर प्यायचीस. तहान लागली होती का विचारलं तर म्हणायचीस, लागली होती. मग प्यायली का नाहीस, याला उत्तर नव्हतं. तुझं वजन उतरत गेलं. येणारे लोक म्हणायचे, मॅडम किती शांत झाल्यात. मला त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटायचं.

दत्तोबाला कुठून तरी कळलं. निवृत्त होऊन तो गावाकडं म्हशी सांभाळत होता. किटलीत दूध घेऊन आला. त्यानं तुला बघितलं, हात जोडले, आणि मला काही न विचारता सुनंदाकडून वाटी आणि चमचा मागून घेतला. खालच्या ओठाला चमचा लावून थोडं थोडं दूध घालत राहिला, घाई न करता. तू ओठ चाटलास. डोळे मिटून चाटलास. दत्तोबानं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. पुढचे पाच महिने तो आठवड्यातून तीनदा यायचा. सुनंदाला चमचा कसा धरायचा ते त्यानं शिकवलं. म्हणाला, "मॅडमनी मला शिकिवलंय. जबरदस्ती कराय न्हाई, नुसतं वटाला लावायचं."

मी तुझ्याशी पूर्वीसारखं भांडून बघितलं. पुरे वाटायची जागा सापडली का, असं विचारलं. तू म्हणालीस, न्हाई. मी म्हणालो, मग शोध की. तू म्हणालीस, बरं.

मी डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, थोड्या मात्रेत पुन्हा सुरू करून बघता येईल. कदाचित इच्छा परत येईल, कदाचित ते उघडणं-जोडणंही परत येईल. सांगता येत नाही. त्यांना स्वतःला काय हवंय ते विचारा, त्या एवढ्या जाणकार आहेत. मी हसलो असेन बहुतेक, कारण ते जरा रागावले.

मी तुला विचारलं. रोज विचारलं, सकाळी दुकानात जाताना. "अक्का, गोळी परत सुरू करू का? तुला काय पाहिजे?" तू माझ्याकडं नीट बघायचीस. प्रश्न तुला कळायचा, त्याचं उत्तर किती मोठं आहे तेही कळत असावं. आणि म्हणायचीस, "तू बघ." कधी म्हणायचीस, "कसंबी चालंल." एकदाच म्हणालीस, "पाहिजे असायला पाहिजे, न्हाई का?" मी जिन्यात येऊन बसलो त्या दिवशी. दुकान उशिरा उघडलं.

आता मला जे सांगायचं आहे ते हे आहे. मी ती गोळी सुरू करू शकलो असतो. माझ्याच फळीवर होती. तू मला बजावलं होतंस की मी मागितलं तरी देऊ नको, पण न मागता द्यायची का नाही याबद्दल तू काहीच सांगून ठेवलं नव्हतंस. मी वाट बघत बसलो की तू एकदा तरी मागशील. मागितली असतीस तर दिली असती, तुझा शब्द मोडून दिली असती. जिला मागताच येत नाही तिच्या मागण्याची मी अडीच महिने वाट बघितली. इतकी वर्षं तू मला समजावून सांगत होतीस, समोरच्या स्टुलावर बसून, आणि मला एवढं कळलं नाही. का कळत होतं आणि मला ठरवायचं नव्हतं? हे मी सुनंदालाही सांगितलेलं नाही.

शेवटी मी ठरवलं. डॉक्टरांना फोन केला, गोळ्यांची पट्टी खिशात घालून घरी आलो. सुनंदा दारातच उभी होती. दुपारच्या दुधाचा तुला ठसका लागला होता आणि संध्याकाळपर्यंत ताप चढला होता. दूध फुप्फुसात उतरलं होतं. पट्टी खिशातच राहिली. दवाखान्यात शर्ट बदलताना ती खाली पडली तेव्हा मला आठवण झाली.

तीन दिवस मी तुझ्या खाटेशेजारी होतो. चौथ्या दिवशी सकाळी ताप थोडा उतरला. सिस्टरनी तोंडावरचा मास्क क्षणभर बाजूला केला, ओठ पुसले. तू डोळे उघडलेस आणि मला शोधलंस. मी सांगतो, अक्का, तू शोधलंस. डॉक्टर म्हणतात तसं काही नसतं, नजर फिरते. पण तुझी नजर खिडकीवरून सलाईनवर आणि सलाईनवरून माझ्यावर आली आणि थांबली.

"दुकान कोण बघतंय?" तू विचारलंस.

आठ महिन्यांत तू विचारलेला तो पहिला प्रश्न. मी म्हणालो, बंद ठेवलंय, चार दिवस.

"उघड की," तू म्हणालीस.

मी म्हणालो, उघडू उद्या, आता तुझ्यापाशी बसतो. तू मान हलवलीस, नाही म्हणून. आणि हाताची दोन बोटं उचलून मला जा अशी खूण केलीस, लहानपणी अभ्यासाला हाकलायचीस तशी. मला काय झालं असेल ते तू समजू शकतेस, दुसरं कुणी नाही. तुला काहीतरी पाहिजे होतं. मी सुनंदाला तुझ्यापाशी बसवलं, तिला सांगितलं की अक्का बरी होतीय, आणि रिक्षा करून राजारामपुरीत गेलो. शटर वर केलं. उदबत्ती लावली. रोजचा एक म्हातारा रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आला, म्हणाला, चार दिवस हुतासा कुठं? मी म्हणालो, बहीण आजारी होती, आता बरी आहे. त्याच्या गोळ्या बांधून देत होतो तेवढ्यात फोन वाजला. सुनंदा होती. तिला बोलता येत नव्हतं. पाठीमागं सिस्टर कुणाला तरी हाका मारत होती.

तुला खरंच दुकान उघडायला पाहिजे होतं, की मला तिथून घालवायचं होतं, की तो नुसता तापाच्या उतारातला एक शब्द होता, हे कुणी सांगू शकणार नाही. सांगू शकली असती अशी एकच बाई मला माहीत होती. शोकसभेत मला लोक म्हणाले, तुम्ही फार केलंत बहिणीचं. दत्तोबा म्हणाला, तुमी भाईर गेला म्हून त्या सुकानं गेल्या. कुणीही मला विचारलं नाही की तू गेलीस त्या वेळी मी तिथं का नव्हतो. अक्का, निदान एकानं तरी विचारावं असं मला वाटतं. मी सांगेन की तिनं मला दुकान उघडायला सांगितलं होतं.